पाण्याकाठचे आठ गुंठे

पाण्याकाठची जमीन बघायला आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि थेट पाण्याकडे चालत सुटतो. काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो, मोबाइल काढतो आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावतो. मी मात्र पाण्याकडे पाठ करून उभी राहते. माझं काम मागे असतं, बाभळीच्या बुडाशी, बांधावरच्या गवतात, अर्धवट गाडल्या गेलेल्या दगडांत. छत्तीस वर्षं मी जमिनी मोजल्या आणि त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं बहुतेक सगळी गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगत गेली. फुगवटा हा शब्द आता कुणी वापरत नाही. सगळे बॅकवॉटर म्हणतात, आणि बॅकवॉटर म्हटलं की भाव वाढतो.

माझे वडील देवळाली कॅम्पात कारकून होते. मुलीनं टायपिंग शिकावं अशी त्यांची इच्छा होती. मी आयटीआयला सर्व्हेअरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मुली दोनच होत्या, आणि दुसरीनं दिवाळीनंतर यायचं बंद केलं. पहिली काही वर्षं खेड्यांत गेले की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुरुष माझ्या मागे कुणी साहेब येतोय का ते बघायचे. मग मी ‘मोजणीवाल्या बाई’ झाले. त्या नावाचा मला फार अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे.

धंदा काय आहे ते सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. सातबारा सांगतो की जमीन कुणाची आणि किती. ती नेमकी कुठून कुठपर्यंत, हे सातबारा सांगत नाही. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा जमिनीवर उतरवायचा तर जमिनीतल्या जुन्या हद्दीच्या दगडांना धरून उतरवावा लागतो. दोन दगड पक्के सापडले की काम सुरू करता येतं. तिसरा पडताळ्यासाठी. सरकारी मोजणी वेगळी असते, माझी खासगी. माझ्या नकाशाला कोर्टात किंमत नाही. पण आर्किटेक्टचं डिझाइन माझ्या नकाशावर बसतं आणि भिंतीचा चुना माझ्या खुणांवर पडतो. एकदा भिंत उठली की कोर्टात जायला कुणाला सवड असते?

मी ऑफिस थाटलं तेव्हा गंगापूर रोडला दुकानं कमी आणि झाडं जास्त होती. बघता बघता शोरूम आली, मग लॉन्स, मग हॉटेलं, आणि हे सगळं रस्त्यानं पश्चिमेला सरकत धरणापर्यंत पोचलं. द्राक्षांच्या बागा होत्या तिथे वाइन चाखायच्या खोल्या झाल्या. जमीन विकलेले शेतकरी त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टच्या गेटवर युनिफॉर्ममध्ये उभे दिसू लागले. मी त्यांना ओळखायचे, तेही मला ओळखून सलाम करायचे, आणि मला कुठे बघावं ते कळायचं नाही. माझं घर मात्र याच वाढीवर चाललं होतं, हेही लिहायलाच हवं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुंबईच्या एका गृहस्थांनी मे महिन्यात जमीन बघितली आणि मी बजावून सांगत असताना कागदावर सही केली. त्यांचं म्हणणं एकच, “मला वॉटर टच पाहिजे.” ऑक्टोबरात आले तर त्यांनी बांधायला घेतलेला झोपाळा पाण्यात आणि त्यावर दोन बगळे. मला फोनवर म्हणाले, “मॅडम, पाणी वाढलंय!” मी म्हटलं, धरण आहे, ते त्यासाठीच बांधलंय. दुसऱ्या एका कॅफेवाल्यानं मला सूर्यास्त मोजायला लावला. कोणत्या महिन्यात सूर्य कोणत्या टेबलावरून बुडताना दिसेल, ते त्याला नकाशावर रेघा मारून हवं होतं. मी डिसेंबरची आणि मेची अशा दोन रेघा काढून दिल्या. त्यानं त्या दोन रेघांमधली टेबलं महाग केली, आणि लोक आनंदानं बसतात.

आता विसपुत्यांच्या जागेचं सांगते. एवढं हसत आले ते खरं म्हणजे इथे यायचं टाळत होते.

विसपुते हे शहरातले हॉटेल व्यावसायिक. माणूस सज्जन, बोलण्यात मऊ. त्यांनी बॅकवॉटरलगतच्या एका गावात, नाव मुद्दाम लिहीत नाही, रस्त्यापासून खाली उतरत जाणारी जमीन घेतली होती. खोल्या, हॉल, पुढे रस्त्याच्या अंगाला दहा-बारा दुकानांची रांग असा बेत. त्यांची जमीन आणि धरणासाठी संपादन झालेली सरकारी जमीन, यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी होती, तीस फूट रुंद आणि तीनशे फूट लांब. ती रामभाऊंची. सातबाऱ्यावर आठ गुंठे. धरणात त्यांची बाकी सगळी जमीन गेली होती, ही तेवढी उरली होती. रामभाऊ आणि त्यांची बायको यमुनाबाई तिथे वांगी-मिरची लावत, आणि कडेला पत्र्याची शेड होती, तिथे मासे धरायला आणि फिरायला येणाऱ्यांना चहा मिळे.

रामभाऊ शाळा फार शिकले नव्हते, पण पंचक्रोशीत बांधाचं भांडण झालं की पंच म्हणून त्यांना बोलावत. भांडणाऱ्या दोघांनीही मानावा असा बांध ते पायांनी चालून सांगत. मला ते पहिल्या भेटीत म्हणाले, “बाई, तुमचं नि माझं काम येकच हाय. तुमच्याकडं यंत्र हाय, माझ्याकडं पाय.” मला ते आवडलं नव्हतं. पायांची आणि यंत्राची बरोबरी कशी होईल, असं मनात आलं होतं.

आम्ही मोजायला गेलो ते गणपतीच्या दिवसांत. धरण काठोकाठ भरलेलं. विसपुत्यांना बँकेकडे नकाशा द्यायची घाई होती. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा दगड लगेच सापडला. दुसरा दगड पट्टीच्या वरच्या अंगाला होता आणि त्याला शेंदूर होता. म्हसोबा.

इथे माझी एक खास युक्ती होती. मी देव मानणारी नाही, आमच्या घरात ते कधीच नव्हतं. पण शेंदूर लावलेल्या दगडांवर माझा कुणाही भाविकापेक्षा जास्त विश्वास होता. साधा हद्दीचा दगड शेतकरी नांगर अडतो म्हणून उपटतो, शेजारी रात्रीतून सरकवतो, कुणी धुणं धुवायला नेतो. देव झालेल्या दगडाला कुणी हात लावत नाही. त्यामुळे एखादा जुना दगड जागेवर शिल्लक असेल तर तो देवच झालेला असतो, असं मी नव्या सर्व्हेअरांना सांगत असे. खाली बसून मी शेंदरावरून बोट फिरवलं. थराखाली छिन्नीनं कोरलेला बाण बोटाला लागला. धरणाच्या हद्दीचा अस्सल दगड! मला इतका आनंद झाला की मी यंत्र तिथल्या तिथे लावलं.

तिसरा दगड ओहोळाच्या तोंडाशी होता, तो पाण्याखाली. पडताळा राहिला. शिवाय कोपऱ्यावरचा दगड आणि म्हसोबा यांच्यातलं अंतर नकाशापेक्षा तीस फुटांनी कमी भरत होतं. तीस फूट म्हणजे थोडंथोडकं नव्हे. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती पट्टी पूर्वीच धरणाच्या संपादनात गेली असणार आणि कागद दुरुस्त करायचे राहिले असणार. अशी प्रकरणं मी डझनानं पाहिली होती. रस्त्याकडून मोजत आलं की विसपुत्यांची जमीन बरोबर पुरी भरत होती आणि लगेच धरणाची हद्द लागत होती. रामभाऊंचे आठ गुंठे कागदावर होते, जमिनीवर कुठेच नव्हते.

रामभाऊ शेडपाशी उभे होते. मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

“म्हंजी माझा बाप सरकारची जमीन कसत व्हता?”

“मोजणी तसं म्हणते, रामभाऊ.”

“संपादनाचे पैसे घेऊन वर जमीन बी ठेवली, आसं?”

“मी तसं म्हटलं नाही. मोजणी काय दाखवते तेवढं मी सांगते.”

ते यंत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “यंत्र खोटं कशापायी बोलंल.” आणि शेडमध्ये गेले. यमुनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याशी मी बोललेच नाही. दिवसभरात दोघांपैकी कुणालाही मी त्या दगडाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दगडाला विचारावं, माणसाला विचारू नये, कारण माणूस आपल्या सोयीनं सांगतो, ही माझी शिस्त होती. मी तेव्हा नाकानं कांदे सोलत होते.

विसपुत्यांनी भांडण केलं नाही, करायची गरजच पडली नाही. रामभाऊंनी आपणहून शेड उतरवली. सरकारी काठ कुणी विचारत नाही, तशी पट्टीवर हिरवळ आली, लाकडी डेक आला, पाण्याकडे तोंड करून खुर्च्या आल्या. रिसॉर्टची खरी मिळकत तो काठच होता. म्हसोबाला फरशी बसवून छान चौथरा केला आणि पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढू लागले. यमुनाबाईंना तिथेच बागेचं काम मिळालं. मला पूर्ण मोबदला आणि मिठाईचा खोका मिळाला. पुढची तीन कामं विसपुत्यांच्या शब्दावर मिळाली.

तीन वर्षांनी मे महिन्यात दुकानांची रांग वाढवायची म्हणून त्यांनी मला पुन्हा बोलावलं. धरण आटून पाणी पार खाली गेलं होतं. माझ्याबरोबर मोजणीची काठी धरणारे गृहस्थ लग्नाला गेले होते, म्हणून व्यवस्थापकानं मदतीला बागेतली बाई दिली. यमुनाबाई. कपाळ मोकळं होतं. रामभाऊ आदल्या वर्षी गेले, हे मला तेव्हा कळलं. मी दोन शब्द बोलले आणि त्यांना म्हटलं, काठी घेऊन म्हसोबापाशी उभ्या राहा, तिथून सुरुवात करू.

त्यांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि काठी धरली. मी यंत्रात बघत होते. त्या सहज बोलायला लागल्या.

“आता देवाला बरंय. चौथरा झाला. आदी लय हाल व्हते. पाण्यानं भिजायचा ना.”

“इथे कुठं येतंय पाणी, यमुनाबाई?”

“हितं नाय. खाली व्हता तवा. मोठा पाऊस झाला, वारं सुटलं की लाटा देवाच्या पायाला लागायच्या. मंग सासूबाईंनी वर आनला. पाच पावलं. थोरल्या सुनेनं वटीत घ्यायचा, तान्ह्या लेकरावानी, नि पाच पावलं चालायचं. नारळ फोडायचा, दहीभात दाखवायचा. येकदा त्यांनी आनला, दोनदा मी.”

मी यंत्रातून डोळा काढला. पाच पावलं, तीन वेळा. नऊवारी नेसलेल्या, ओटीत दगड घेतलेल्या बाईचं पाऊल दोन फुटांचं धरलं तरी तीस फूट होतात. हिशेब करायला मला कागद लागला नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते जमीन मोजण्यात आयुष्य घालवून मला त्या क्षणी कळलं.

मी चिखलात उतरले. ओहोळाच्या तोंडाशी, गाळात टोक दिसत होतं. हातानं गाळ उपसला. तसाच दगड, तसाच बाण, जागचा कधी न हललेला. त्याला धरून मोजलं तर नकाशा केसभरही चुकत नव्हता. रस्ता, विसपुते, मग रामभाऊंचे आठ गुंठे, मग धरण. सगळं होतं तिथेच होतं.

यमुनाबाई वर काठी धरून उन्हात उभ्याच होत्या, कारण मी त्यांना खाली ठेवा म्हणून सांगितलंच नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी विसपुत्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला. म्हणाले, “मॅडम, मी काही राक्षस नाही. त्या बाईंना काय द्यायचं ते मी देतो, चांगलं देतो. पण तुम्ही हे असं लिहून देऊ नका. उद्या सगळं बॅकवॉटर तुमचे नकाशे बाहेर काढेल. तुमचा धंदा राहील का?”

खरं सांगते, रात्रभर मी त्यांच्या बोलण्याचा विचार केला. माझ्या मोजणीवर त्या काठाला किती भिंती उभ्या होत्या ते मला माहीत होतं, आणि त्यातल्या किती शेंदराच्या भरवशावर होत्या तेही. मला भीती वाटली. लाज त्यानंतर वाटली, आधी भीती, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी नवा नकाशा काढला, खाली ‘पूर्वीचा नकाशा माझ्या चुकीमुळे सदोष होता’ असं लिहून सही केली आणि तो घेऊन यमुनाबाईंच्या घरी गेले. जमीन तुमची आहे, सरकारी मोजणीचा अर्ज मी भरून देते, विसपुतेही द्यायला तयार आहेत, असं सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा उलटासुलटा पाहिला आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला.

“जमिनीचं व्हईल तवा व्हईल, बाई. आदी गावात येऊन सांगा.”

“काय सांगू?”

“माझ्या सासऱ्यानं सरकारची जमीन खाल्ली नव्हती, त्ये. तुमी मोजून गेल्या नि मंग कुनी यांना बांधाला बोलावलं नाय. येका भांडनात येकजन तोंडावर बोलला, तुझ्याच बापाचा बांध वाकडा, तू काय आमचा सरळ करनार? मंग यांनी घराभायेर पडनंच सोडलं. जेवायचं नाय, बोलायचं नाय. येवढं सांगा गावाला. बाकी मला काय नको.”

नंतर सरकारी मोजणी झाली, ती माझ्या नव्या नकाशाशी जुळली, विसपुत्यांनी डेकची जागा यमुनाबाईंकडून रीतसर भाड्यानं घेतली. ते सगळं व्हायचं तसं झालं. माझी कामंही कमी झाली, आणि वर्षभरात मी ऑफिस बंद केलं. जुने नकाशे काढून मी काठावरच्या आणखी दोन जागा स्वतःहून पडताळल्या. तिथले देव जागचे हलले नव्हते. बाकीच्यांचं मला माहीत नाही, आणि ते ओझं आहेच.

पण त्याआधीचा तो रविवार. देवळाच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. बायका खाली बसल्या होत्या, यमुनाबाई त्यांच्यात मागे. साहेब लोकांच्या बैठकांत मी तासतासभर बोलले आहे, इथे मोजकंच बोलले. म्हटलं, “रामभाऊंच्या वडिलांनी सरकारची एक हातसुद्धा जमीन घेतली नव्हती. देव वर आणलेला होता. मी विचारलं नाही. तो कुठून आला हे न बघता मी त्याला धरून मोजलं. चूक माझी आहे, संपूर्ण माझी.”

रामभाऊंबरोबर बांधाच्या भांडणांना जाणारे एक म्हातारे आबा होते, ते ओट्याच्या कडेला बसल्या बसल्या म्हणाले, “शेवटची दोन वर्सं तो या वट्यावर आला नाय. आमी बोलावलं बी नाय.” आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

माणसं एकेक करून उठली. काहींनी यमुनाबाईंपाशी जाऊन हात जोडले. मी गाडीकडे निघाले तशा त्या माझ्याबरोबर चालत आल्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, मला माफ करा. वयानं आम्ही बरोबरीच्या असू, पण तेव्हा तेच तोंडून आलं.

त्या गाडीच्या दाराला हात लावून म्हणाल्या, “ते रोज इचारायचे मला. यमुने, खरंच का गं आपल्या बापानं आसं केलं आसंल? माझं मन घेत न्हाई. नि मी म्हनायची, बाई शिकलेल्या हायेत, त्यांचं कसं चुकंल. मरंपर्यंत ते इचारत राह्यले, बाई, नि मरंपर्यंत मी तुमचीच बाजू घेतली.”